अर्ध्या मिलिमीटरची झळाळी

फायबरची जुनी होडी बघायला गेले की मी आधी इंजिन उघडत नाही, शिडं उलगडत नाही. होडी पाण्याबाहेर टेकूंवर उभी असली, तर तिची जी बाजू जास्त ऊन खाते तिकडे जाते आणि अंगावरून कोरडा तळहात फिरवते. हाताला पांढरी पूड लागली की पुढचं अर्धं कळतं. निळ्या होडीची पूड फिकट निळसर येते, लाल होडीची गुलाबी. विकणारा म्हणतो, "धूळ आहे हो, धुतली की जाईल." धूळ नसते ती. होडीचाच वरचा थर सुटून हाताला लागलेला असतो.

तसं पाहिलं तर होडीच्या दुखण्यांत चमक जाणं हे अगदी किरकोळ. निस्तेज होडी बुडत नाही, वारा धरायला कुरकुरत नाही. दोऱ्या, वॉल्व्ह, बॅटरी ही कामं पुढ्यात असताना अंग घोटत बसणाऱ्याला लोक हसतात, आणि बरोबरच हसतात. पण मला हे काम आवडतं, कारण त्यात होडी कशी बांधली गेली आणि कशी झिजते आहे हे इतकं जवळून दिसतं की दुसऱ्या कुठल्याच कामात दिसत नाही.

मुळात ही चमक होडीची स्वतःची नसते, ती साच्याची असते. फायबरग्लासची होडी बाहेरून आत बांधतात. आधी होडीच्या आकाराचा पोकळ साचा. त्याची आतली बाजू, बोटाला कुठेही अडणार नाही अशी घोटलेली, आणि होडी साच्याला धरून बसू नये म्हणून त्यावर मेणाचे हात दिलेले. मग पहिला थर फवारतात तो जेलकोटचा. जेलकोट म्हणजे पॉलिएस्टर रेझिन, घट्ट होऊन कडक बनणारी राळ, आणि त्यात कालवलेलं रंगद्रव्य. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो जरा धरला की त्याच्या पाठीवर काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवत जातात. सगळं पक्कं झाल्यावर होडी साच्यातून उचलली की साच्याचा गुळगुळीतपणा तिच्या अंगावर उतरलेला असतो. कोणी तिला पॉलिश केलेलं नसतं. त्यानंतर आपण जे काही करतो ते त्या उतरलेल्या पृष्ठभागाच्या शक्य तितकं जवळ जाण्यासाठी, आणि तिथे पूर्ण पोचणं जवळपास अशक्य.

१९४२ मध्ये अमेरिकेत रे ग्रीन यांनी काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची होडी बनवली, आणि पन्नास-साठच्या दशकांत या होड्या कारखान्यांतून धडाधड निघू लागल्या. लाकडाला दरवर्षी रंग, वॉर्निश, सांधे भरणं. यांना काहीच नको, असा तेव्हाचा बोलबाला. अर्धं खरं ठरलं. त्या काळातल्या कितीतरी होड्या आजही मजेत तरंगतात, कारण ताकद काचतंतूंच्या जाड थरांत आहे आणि तो थर सहजासहजी हार मानत नाही. तेज मात्र वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये होतं. ते आधी गेलं.

ते जातं उन्हाने. सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टरच्या साखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या जागी शिरतो आणि पृष्ठभाग ठिसूळ होतो. रेझिनने घट्ट धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे होतात, तीच आपल्या हाताला लागणारी पूड. कण निघून गेले की मागे बारीक खड्डे राहतात. खड्ड्यांत मीठ, काजळी आणि शेवाळ बसतं, पाणी जास्त वेळ टिकतं, आणि पुढच्या झिजेला वाट मोकळी होते. डेक सरळ आभाळाकडे बघतो म्हणून तो आधी जातो, उभ्या बाजू मागाहून. गडद रंगांत हे लवकर डोळ्यात भरतं. पांढऱ्या होडीची झीज पांढऱ्यातच लपते, म्हणून ती वर्षानुवर्षं 'बरी' दिसते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

किती झीज झाली आहे हे बघायची माझी आवडती जागा म्हणजे होडीची मागची सपाट भिंत, जिथे नाव लिहितात. नाव बदललं की चिकटपट्टीची जुनी अक्षरं खरवडून काढतात. अक्षरं निघतात, नाव निघत नाही. ज्या जेलकोटला त्या अक्षरांनी इतकी वर्षं सावली दिली तो अजून गडद आणि तुकतुकीत असतो, भोवतालचा फिकट. नखाची कड अक्षराच्या काठावरून अलगद नेली तर कधीकधी पुसटशी पायरीही लागते. अक्षराखालचा भाग उंच राहिलेला असतो, बाकी सगळी होडी तेवढी खाली गेलेली असते. नव्या मालकाला हे भूत नको असतं. तो म्हणतो, घासून काढा. म्हणजे राखला गेलेला तेवढाच तुकडा बाकीच्यांच्या पंगतीला आणून बसवा. करावं लागतं ते, पण करताना मला थोडं जड जातं.

झिजलेलं अंग भुरकट का दिसतं, याचं उत्तर प्रकाशात आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेला परततो, म्हणून समोरचा धक्का, दोर, आपला चेहरा त्यात दिसतो. खडबडीत पृष्ठभागावर तो दाही दिशांना उधळतो आणि सगळ्यावर एक पांढुरका पडदा येतो. न्यूटनने १७०४ साली प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात पॉलिशबद्दल एक फार मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. काच वाळूने घासा किंवा बारीक पुडीने घोटा, ओरखडे जात नाहीत; ते फक्त इतके बारीक होत जातात की दिसेनासे होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. ओरखडे त्याच्या मानाने पुरेसे लहान झाले की प्रकाश त्यांची दखल घेत नाही. एवढंच. घोटणाऱ्याने हे समजून घेतलं तर त्याचा निम्मा त्रास वाचतो, कारण मग तो चमक 'चढवायला' जात नाही. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे पाडत जातो.

याच नियमाची एक गंमत कधीही बघता येते. अगदी विटलेल्या होडीच्या नाळेजवळ गाल टेकवून तिच्या अंगावरून लांबवर तिरकं बघा. ती चमकते! नजर जितकी तिरपी, तितका तोच खडबडीतपणा प्रकाशाला कमी जाणवतो. विक्रीच्या जाहिरातीतले फोटो उगाच त्या कोनातून काढलेले नसतात.

काम हातात घेण्याआधीची परीक्षा सोपी आहे. फडकं ओलं करून एक पट्टा पुसायचा. ओलं असताना रंग खोल आणि चकचकीत दिसला तर आशा आहे. पाण्याने खड्डे भरून काढले, वरचा पृष्ठभाग सपाट केला. म्हणजे खालचा रंग शाबूत आहे आणि घोटून ते रूप कायमचं मिळवता येईल. ओलं करूनही डाग, ढग, फिकट चट्टे दिसत राहिले तर झीज किंवा दोष खोलवर गेला आहे. पाणी वाळलं की सगळं पुन्हा पांढुरकं होतं, तेवढ्या मिनिटभरात निर्णय घ्यायचा.

इथेच बाटल्या मोहात पाडतात. पुसा आणि चमकवा, असं सांगणारी द्रवं मिळतात. काहींत तेल किंवा सिलिकॉन असतं, काही म्हणजे पातळ अॅक्रिलिकचा थर. करतात काय, तर पाण्याने जे मिनिटभर केलं तेच जरा जास्त दिवस. पहिली तेलकट मंडळी काही आठवड्यांत धुऊन जातात. अॅक्रिलिकचा थर नेमाने राखला नाही तर पिवळा पडतो, पोपडे धरतो, आणि मग तो उतरवणं हेच एक काम होऊन बसतं. सिलिकॉन तर पुढे कधी रंग द्यायचा म्हटलं की रंगाला जागोजाग डोळ्यांसारखे गोल खळगे पाडतं. होडी पुढच्या रविवारी विकायची असेल तर खुशाल वापरा. ठेवायची असेल तर हात लावू नका, असं माझं स्पष्ट मत.

खरं काम धुण्यापासून सुरू होतं आणि धुण्यात घाई करणारा पुढे सगळीकडे ओरखडे काढत बसतो. मिठाचा एक खडा फडक्यात अडकला की पुरे. पाणरेषेवरचा पिवळट-तपकिरी पट्टा साबणाला दाद देत नाही. तो पाण्यातल्या लोहाचा आणि कुजलेल्या पाल्यातून उतरलेल्या टॅनिनचा असतो. त्याला ऑक्झॅलिक आम्ल लावतात: हातमोजे घालून लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. घासावं लागत नाही, डाग डोळ्यांदेखत विरतो. आधी वॅक्सचे जुने थरही उतरवावे लागतात, नाहीतर घासायचा पेपर त्यावर नुसता घसरतो.

मग वॉटर पेपर. सगळ्याच होड्यांना तो लागतो असं नाही. पूड थोडी असेल तर थेट कंपाऊंडवर, म्हणजे घोटायच्या कणीदार लगद्यावर, भागतं. पण हाताला भरघोस पूड येत असेल तर ८०० किंवा १००० नंबरपासून सुरुवात, मग १५००, मग २०००. फार बिघडलं असेल तरच ६००. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. युरोपीय पी-मापात ६००चा कण सुमारे २६ मायक्रॉन, २०००चा १० मायक्रॉनच्या आसपास. लाकडाच्या किंवा कडक रबराच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळायचा, बादलीत साबणाचा एक थेंब, आणि पेपर सतत ओला. कोरडं घासलं तर पेपर भरतो आणि भरलेला पेपर खोल चर पाडतो. बोटांनी पेपर धरून घासणं तर नकोच, बोटांच्या दाबाच्या लांब खळग्या अंगावर उमटतात आणि उन्हात नेमक्या दिसतात.

होडीवर मी पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवते. रेघा गेल्या की त्या जागेवरचा हात थांबवायचा. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा. म्हणजे आधीचे ओरखडे दिशेवरून ओळखू येतात आणि ते सगळे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे कंटाळवाणं आहे. इथेच बहुतेक जण फसतात: १००० नंबरचे चार ओरखडे राहिलेले असतात, पुढे कितीही मशीन फिरवा, ते शेवटी झळाळीच्या आत तारांसारखे उठून दिसतात. ठोकळ्याखालून पाणी ओघळतं ते सुरुवातीला दुधाळ असतं, कारण मेलेला थर निघत असतो. पूड संपून खाली कणखर जेलकोट लागला की पेपरचा आवाज बदलतो; खरखर जाऊन बारीक सपसप ऐकू येते आणि ओघळही पातळ होतो. तो आवाज कानात बसला की डोळ्यांवर फारसं विसंबावं लागत नाही. ओघळ पाण्यात जाऊ द्यायचा नाही, खाली अंथरलेल्या कापडात धरायचा. आणि ओलं असलं तरी तोंडाला मास्क हवाच.

कंपाऊंडला मशीन लागतं. मशीन म्हणजे बफिंग मशीन. कटिंगच्या ग्राइंडरला पॅड लावून फिरवणारे वीर पाहिले आहेत. तो मिनिटाला दहा हजारांवर फिरतो, बफिंगला हजार-दोन हजार पुरे. लोकरी पॅडवर कंपाऊंड थोडंच घ्यायचं, आधी होडीच्या अंगावर हाताने पसरायचं आणि मग मशीन सुरू करायचं, नाहीतर ते छतावर, चष्म्यावर आणि शेजारच्या होडीवर जातं. एका वेळी हाताच्या अंतरातला चौकोन. मशीन एका जागी क्षणभरही थांबवायचं नाही. जेलकोट तापला की हलका जळका वास येतो, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. कडा आणि कोपरे सगळ्यात नाजूक, पॅडचा सगळा दाब तिथल्या एका रेघेवर येतो. त्यांच्यावर मी चिकटपट्टी लावते आणि शेवटी हाताने घोटते.

चांगल्या कंपाऊंडमधला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण घासता घासता फुटत जातो. सुरुवातीला भरड, शेवटी बारीक. म्हणून मध्येच पुसून बघायचा मोह आवरायचा. कण फुटायच्या आत थांबलात तर भरड ओरखडेच हाती राहतात. आधी जोर, मग नुसतं मशीनचं वजन. हळूहळू धुकट भागातून आधी रंग वर येतो, मग प्रकाशाचा एक ठिपका, मग त्या ठिपक्याला काठ येतात. त्या काठांकडे बघत राहायचं. दिव्याचं प्रतिबिंब अजून पसरट असेल तर काम बाकी आहे. मग मऊ स्पंजाचं पॅड, पॉलिश, आणि लोकरी पॅडने मागे ठेवलेली गोल जाळी काढून टाकणं. गडद होडीवर ही जाळी कडक उन्हात सगळ्या गावाला दिसते, पांढरीवर तुम्हालासुद्धा दिसत नाही.

शेवटी वॅक्स. वॅक्स चमक आणत नाही, आणलेली राखतं. कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं; ते वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस लागतात, मधमाशीचं मेण ६२-६४ला वितळतं. उन्हात तापणाऱ्या अंगावर हा फरक कामाचा. पूड न काढता वरून वॅक्स लावणं म्हणजे भुरकटपणाच सीलबंद करणं. आणि तापलेल्या होडीवर कधीच लावायचं नाही, पुसण्याआधीच वाळून पट्टे धरतं.

लाकूड मात्र अगदी उलटं वागतं. तिथे झळाळी खरोखर चढवतात, थरावर थर. वॉर्निश पारदर्शक असल्यामुळे ऊन त्यातून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन मोडतं. मग वॉर्निश वरून ठणठणीत दिसत असताना खालून पकड सुटते. सहा-आठ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पेपर, वारा पडलेला दिवस, आणि दव पडायच्या आत पृष्ठभाग सुकायला हवा, नाहीतर तो दुधट होतो. मी सागवानी डेकला काही लावत नाही. खाऱ्या पाण्याने, रेषांना आडवं, मऊ ब्रशने धुते आणि करडा होऊ देते. वॉर्निशवाले मित्र यावरून मला आळशी म्हणतात. म्हणोत.

स्टीलबद्दल एवढंच, की लोखंडी तारेचा काथ्या जवळ आणू नये. त्याचे तुटलेले कण स्टीलवर बसतात आणि तेच गंजतात. स्टेनलेस स्टील चकाकतं ते क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे, आणि तो थर तुटला तर हवेतल्या ऑक्सिजननेच पुन्हा धरतो. म्हणून उघडा कठडा झकास राहतो आणि चामडं किंवा टेप गुंडाळलेली जागा, जिथे खारं पाणी आहे पण हवा नाही, तिथे आतून खड्डे पडतात. अॅक्रिलिकच्या खिडक्यांना अमोनियाचा काचक्लीनर लावला तर आत जाळीदार तडे जातात. त्यांना साबण-पाणी आणि प्लॅस्टिकसाठीचंच पॉलिश.

आता मूळ मुद्द्याकडे. पेपर असो वा कंपाऊंड, प्रत्येक वेळी त्या अर्ध्या मिलिमीटरमधलं काहीतरी जातं. हे ठेव मोडून खाणं आहे, आणि खातेपुस्तक कोणाकडेच नसतं. मोटारीच्या रंगाची जाडी मोजणारं साधं चुंबकी यंत्र पत्र्यावर चालतं, फायबरवर नाही. इथे अल्ट्रासॉनिक लागतं, आणि ते किती जणांकडे असणार? साच्यात फवारताना कुठे जाड पडलं, कुठे पातळ, आधीच्या मालकाने किती घासलं, काही माहीत नाही. पांढऱ्यातून आतला गडद, पारदर्शकसा रंग ढगासारखा दिसू लागला की समजायचं, ठेव संपली. त्यानंतरचा नेहमीचा उपाय म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, आणि फवारताना त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनापासून वाचायला साधा मास्क चालत नाही, हवा पुरवणारा लागतो.

म्हणून दरवर्षी कंपाऊंड मारणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांची होडी देखणी दिसते, यात वाद नाही. एकदा नीट घोटायची, मग वर्षातून दोनदा धुऊन वॅक्स, आणि जमेल तेवढं कापडाचं आच्छादन, हे मला पटतं. आच्छादन हे सगळ्यात कमी कौतुक होणारं पॉलिश आहे. काही ओरखडे मी सोडून देते. धक्क्याला घासून उमटलेला खोल ओरखडा काढायचा तर भोवतालचं सगळं अंग त्याच्या तळाइतकं खाली आणावं लागतं. एका रेघेसाठी एवढं खर्च करण्यापेक्षा ती जेलकोटने भरावी, नाहीतर राहू द्यावी.

आणि काही जागा घोटायच्याच नाहीत. चालायच्या डेकवरची खडबडीत नक्षी, पायऱ्या, कॉकपिटमधलं, म्हणजे सुकाणू धरायच्या खोलगट जागेतलं, बसायचं फळकूट, इथे वॅक्सचं बोट फिरवायचं नाही. लाट आडवी आली की तिथे पाय धरला पाहिजे. पाणरेषेखालचा अँटिफाउलिंग रंग, शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेला, तर बहुतेकदा झिजण्यासाठीच असतो. त्यावर वॅक्स लावलं तर त्याचं कामच थांबतं. नवख्या मदतनिसाला वॅक्सचा डबा देण्याआधी मी या जागा खडूने खुणावून ठेवते, कारण एकदा हात चालायला लागला की तो दिसेल ते चकचकीत करत सुटतो.